मेढी, झाप आणि तिसरी घंटा

फाल्गुनात हातखंब्याहून संगमेश्वराकडे निघालं, की निवळी, बावनदी अशा प्रत्येक नाक्यावर पुढाऱ्यांच्या वाढदिवसांच्या फलकांत घुसवलेले नमनाचे, म्हणजे इथल्या लोकनाट्याचे, फ्लेक्स दिसायला लागतात. वर ग्रामदेवतेचा फोटो, मध्ये मंडळाचं नाव, त्याखाली मृदुंगवादक, गायक, विनोदवीर यांचे पासपोर्ट आकाराचे चेहरे आणि तळाला वेळ : रात्रौ ठीक दहा. यातलं ‘ठीक’ कोणी मनावर घेत नाही. साडेअकराच्या आत मृदुंगावर थाप पडली तर गावालाच नवल वाटेल. मी वाचत होतो ती स्थळाची ओळ. तिथे नाट्यगृहाचं नाव कधीच नसतं. ‘सहाणेसमोर’, ‘शाळेचे पटांगण’, ‘वरच्या वाडीचा मळा’, ‘मधल्या वाडीचे खळे’. म्हणजे काल जिथे गुरं चरत होती किंवा पोरं क्रिकेट खेळत होती, तिथे आज रात्री नाटक आहे आणि उद्या पुन्हा गुरं आहेत. कोकणातलं हे थिएटर बांधतं कोण, कशाचं आणि कसं, हे बघायला मी शिमग्यात आत संगमेश्वराकडे आणि पुढे चैत्रात किनाऱ्याने राजापूरकडे गेलो.

रत्नागिरी जिल्ह्यात पक्की नाट्यगृहं नाहीत असं नाही. शहरात स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृह आहे, चिपळुणात इंदिरा गांधी सांस्कृतिक केंद्र आहे. राज्य नाट्य स्पर्धेच्या फेऱ्या होतात, संगीत नाटकांना कान देऊन ऐकणारा प्रेक्षक रत्नागिरीत अजून आहे. पण जिल्हा नऊ तालुक्यांचा. मंडणगड एका टोकाला, राजापूर दुसऱ्या टोकाला, मध्ये खाड्या आणि घाट्या. वाडीतल्या माणसाने शहरात जाऊन रात्रीचं नाटक बघितलं तर परत कसं यायचं? शेवटची यष्टी कधीच गेलेली असते आणि रिक्षा ठरवली तर ती तिकिटापेक्षा महाग. म्हातारी माणसं, तान्हं पोर असलेली बाई, गोठ्यात गाभण म्हैस असलेला शेतकरी यांच्यासाठी शहरातलं नाट्यगृह मुंबईइतकंच लांब. म्हणून इकडे नाटकानेच वाडीत यायची रीत पडली.

महामार्ग सोडून आत वळलं की रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे लागतात आणि कुठूनतरी ढोलाचा आवाज यायला लागतो. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघते आणि सहाणेवर बसते. सहाण म्हणजे दगडी चौथरा. रत्नागिरी शहरातसुद्धा भैरीची पालखी झाडगावच्या सहाणेवर येते तेव्हा शहर आपलं शहरपण विसरतं. या सगळ्या व्यवस्थेत कायमची बांधलेली वस्तू तेवढी एकच, सहाण. बाकी मांडव, रंगमंच, रंगपट, प्रेक्षागार, चहाची टपरी हे सगळं तिच्याभोवती उभं राहतं आणि निघून जातं.

मी पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. ज्यांना सगळं गाव तात्या म्हणत होतं ते सत्तरीचे गृहस्थ पहारीने खड्डा घेत होते. मांडवाची मेढ रोवायची असते. मेढ म्हणजे वरच्या टोकाला दोन शिंगं असलेला लाकडी खांब. त्या बेचक्यात आडवा वासा बसतो. खिळा नाही, बोल्ट नाही. सुंभाने आवळायचं, आणि तेही सुंभ आधी भिजवून, म्हणजे वाळताना आवळ आणखी घट्ट बसते. तात्यांनी खड्डा हातभर झाल्यावर मेढ आत सोडली, भोवती माती न टाकता आधी दगडांचे बारके तुकडे ठोकून बसवले आणि मग माती. “नुसती माती टाकली तर रात्री पोरं खांबाला लोंबकळतात, तेव्हा हलतो,” असं त्यांनी कारण सांगितलं. त्यांनी पोरांचा भार आधीच हिशेबात धरला होता. अशी बारीक गोष्ट पुस्तकात सापडणार नाही.

शिमग्यात पाऊस नसतो, मग वर छप्पर कशाला? हे मी विचारलं तेव्हा दोन-तीन जण एकदम हसले. रात्री दव पडतं. मृदुंगाची पुडी दवाने सैलावते आणि मध्यरात्रीनंतर बोल बसके यायला लागतात. त्यामुळे प्रेक्षक उघड्यावर बसले तरी चालतील, मृदुंग आणि पेटी छपराखालीच हवी. आतल्या भागात माड कमी, म्हणून इथे छपराला ऐन-किंजळीचे टहाळ टाकतात; किनाऱ्याकडे माडाच्या झावळांचे विणलेले झाप. टहाळांचा एक तोटा आहे. त्यांतून मुंग्या गळतात. तो तोटा गवळणीतल्या राधेला भोवतो आणि प्रेक्षकांना फुकटची करमणूक होते.

रंगमंचाची उंची साडेतीन फूट. कशावरून? तात्या खाली मांडी घालून बसले आणि मला समोर उभं राहून हात पुढे करायला सांगितलं. खाली बसलेल्या माणसाला नटाचं पाऊल दिसलं पाहिजे, कारण नमनात पाऊल बघायचं असतं, आणि पहिल्या ओळीतल्या पोराची मान अवघडता कामा नये. या दोन्हींच्या मध्ये जी उंची येते ती साडेतीन फूट. चिऱ्यांचे थर नुसतेच रचून, चुना-सिमेंटाशिवाय, त्यावर वासे आणि वासे झाकायला फळ्या. चिरे कुणाच्या तरी अर्धवट बांधलेल्या घराचे होते. नमन झालं की परत जायचे. फळ्यांवर खडूने आकडे घातलेले होते, कुठली फळी कुणाच्या घरची ते कळावं म्हणून.

मूळ नमनाला हा रंगमंचही लागत नसे. खेळे अंगणात उतरायचे, मृदुंगवाले मागे, गाणारे बाजूला आणि लोक तिन्ही अंगांनी. गण, गवळण, कृष्णाच्या वाटेत आडवी येणारी मावशी, बावळट पेंद्या आणि काळ्या कपड्यातला, कमरेला घुंगरं बांधलेला संकासूर, हे सगळे प्रेक्षकांच्या गुडघ्यांना घासून नाचायचे. नंतर नमनात वगनाट्य शिरलं, राजा-प्रधान आले, पडदे आले, ‘ट्रिकसीन’ आले आणि अंगण पुरेना. रंगमंचाने मागच्या माणसाला दिसायची सोय झाली हे खरं, पण नाचाची जवळीक गेली, असं माझं मत आहे. संकासुराला ते बहुधा मान्य असावं. त्या रात्री तो दोनदा रंगमंचावरून खाली उडी मारून थेट बायकांच्या घोळक्यात शिरला आणि एका मुंबईकर पाहुण्याच्या हातातला मोबाइल घेऊन परत वर गेला. हे संहितेत नसतं.

बसण्याची व्यवस्था कोणी आखत नाही, ती आपोआप लागते. पुढे पोरं, त्यामागे बायका, त्यांच्या घरून आणलेल्या चटया आणि गोणपाटं. खुर्च्या सरपंच, मानकरी आणि मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांचं ‘मुंबई मंडळ’ यांना. बाकीचे पुरुष मागे उभे, आणि तरणी पोरं गडग्यावर. गडगा म्हणजे इथली बाल्कनी. तिथल्या शेऱ्यांना उत्तर देता आलं नाही तर नटाचं काही खरं नाही. मध्येच प्रयोग थांबवून बक्षिसं जाहीर होतात: अमुक वाडीकडून मावशीला एकशे एक, तमुक मंडळाकडून मृदुंगाला पाचशे एक. शहरी प्रेक्षकाला हा रसभंग वाटेल. मलाही पहिल्या तासात वाटला. पण तिकीट नसलेल्या नाटकाचा गल्ला असाच जमतो, आणि आवडलं की लगेच पैसे, नाही आवडलं की नाहीत, हा हिशेब कुठल्याही परीक्षणापेक्षा स्वच्छ आहे.

हीच मंडळं मुंबईतही खेळ करतात. गिरणगावात गेलेला चाकरमानी नमन आणि जाखडी नाच बरोबर घेऊन गेला आणि परळचं दामोदर नाट्यगृह त्यांचं हक्काचं ठिकाण झालं. ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगचं ते 1922 सालचं नाट्यगृह. 2023 साली पुनर्बांधणीसाठी बंद झालं, तेव्हा सर्वांत जास्त हळहळ कोकणातल्या मंडळांना वाटली. गिरणगावातलं पक्कं नाट्यगृह एका निर्णयाने बंद होऊ शकतं. वाडीतला मांडव तात्यांसारख्यांनी बांधायचं सोडलं तरच बंद होईल.

किनाऱ्याचा रस्ता वेगळा. रत्नागिरीतून भाट्याचा पूल ओलांडायचा, गोळप, मग स्वामी स्वरूपानंदांचं पावस, तिथून पूर्णगड. पूर्णगडच्या छोट्या किल्ल्याखाली मुचकुंदीची खाडी आहे. तिच्यावरच्या पुलाने पलीकडे गेलं की गावखडीची सुरूची बनं, मग कशेळी आणि आडिवरे. अर्ध्या दिवसाचा निवांत प्रवास. कशेळीत थांबायलाच हवं, कनकादित्याचं देऊळ बघायला. सूर्याची देवळं महाराष्ट्रात थोडी, आणि त्यात हे कौलारू, लाकडी कोरीवकामाचं. रथसप्तमीला इथे मोठा उत्सव असतो.

आडिवऱ्याला मी आलो ते महाकालीच्या देवळासाठी आणि शामजी नाईक काळे यांच्यासाठी. कोकणात दशावतार आणला तो या आडिवऱ्याच्या शामजी नाईकांनी, कर्नाटकातून, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, असं परंपरा सांगते. 1728 हे सालही दिलं जातं. आज दशावतार म्हटलं की सिंधुदुर्ग आठवतो, पण 1981 च्या महाराष्ट्र दिनापर्यंत तोही रत्नागिरी जिल्ह्याचाच भाग होता. दशावताराने जे करून दाखवलं ते मला अजूनही थक्क करतं. नेपथ्य म्हणून एक लाकडी बाकडं. तेच इंद्राचं सिंहासन, तेच पर्वत, तेच रथ. बाजूला पेटी, मृदुंग, झांज. मुकुट, शस्त्रं, भरजरी कपडे पेटाऱ्यात. पेटारा डोक्यावर घेऊन कलावंत एका गावच्या जत्रेतून दुसऱ्या गावच्या जत्रेला चालत जात. म्हणजे थिएटरचं वजन एका माणसाच्या डोक्याला पेलेल एवढंच ठेवायचं. पोशाखात कंजूषी नाही, वास्तूत मात्र पराकोटीची काटकसर. खेळ रात्रभर चालून पहाटे दहीकाल्याने संपतो.

विष्णुदास भावे यांनी सांगलीत 5 नोव्हेंबर 1843 रोजी ‘सीतास्वयंवर’ केलं, ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीकर चिंतामणराव पटवर्धनांनी सुचवल्यामुळे. तो दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. पण भाव्यांच्या आधी शतकभर कोकणच्या देवळांसमोर रात्रभर नाटकं चालत होती, आणि बघायला राजवाड्यात जावं लागत नव्हतं. पुढे 1853 मध्ये भाव्यांची मंडळी मुंबईला ग्रँट रोडच्या थिएटरात पोचली. मग नाटक मंडळ्यांचा काळ आला. त्यांचे मुक्काम गावोगावी पडत, आणि जिथे थिएटर नसे तिथे बांबू, तट्ट्या आणि पत्रे उभे करून ते तयार केलं जाई. मुक्काम हलला की थिएटरही मोडायचं. आज बालगंधर्वांच्या नावाने पुण्यात 1968 साली बांधलेलं रंगमंदिर आहे, पण त्या काळच्या नटांचं निम्मं आयुष्य तट्ट्यांच्या भिंतींआड गेलं.

कोकणच्या उत्सवी नाटकावर या मंडळ्यांचा ठसा अजून आहे. किनाऱ्यावरच्या गावांत रामनवमी, हनुमान जयंती, देवाचा वार्षिक उत्सव यात एक रात्र गावच्या नाटकाची. कीर्तन झालं, आरती झाली, देवळाला भोवत्या झाल्या, की नाटक. नट गावचेच: शाळामास्तर, आंब्याचे बागायतदार, पोस्टमन, पुण्याहून सुट्टी काढून आलेला संगणकवाला. स्त्रीभूमिका पूर्वी पुरुष करत. आता गावच्या मुली-सुना करतात आणि तालमींना सासूच पोर सांभाळते. आडिवऱ्याच्या पुढच्या एका गावात मी असा मांडव उभा राहताना पाहिला.

देऊळ पूर्वाभिमुख, त्यामुळे रंगमंच अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, तोंड पश्चिमेकडे. पहिलं कारण असं की नाटक देवाला दाखवायचं असतं. म्हणून प्रेक्षकांच्या मधोमध देवापासून रंगमंचापर्यंत वाट मोकळी ठेवतात. तिथे कितीही गर्दी झाली तरी कोणी बसत नाही. दुसरं कारण मला मांडव घालणाऱ्या एका काकांनी सांगितलं. दिवसा वारा समुद्रावरून येतो, पण रात्री दहा-अकरानंतर मतलई सुटते, जमिनीकडून समुद्राकडे. रंगमंच पूर्वेला असला की वारा नटाच्या पाठीमागून येतो आणि आवाज प्रेक्षकांवर सोडतो. माइक नव्हते तेव्हा हे फार महत्त्वाचं होतं. मी देवळाच्या पायरीवर, म्हणजे सगळ्यांच्या मागे बसून हे तपासलं. पहिल्या अंकात माइकची कुरकुर जास्त आणि शब्द कमी. दुसऱ्या अंकाच्या मध्यावर वारा फिरला आणि रंगमंचामागे प्रॉम्प्टिंग करणाऱ्याची कुजबुजसुद्धा देवळापर्यंत यायला लागली. ती नटांना मात्र ऐकू येत नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं.

झाप कसे होतात ते इथे नीट पाहायला मिळालं. माडाची झावळ मधल्या दांड्यावरून उभी चिरायची, दोन भाग पाण्यात भिजत घालायचे, तळ्यात किंवा पऱ्ह्यात, आणि पात्या मऊ झाल्या की एकाआड एक गुंतवत विणायच्या. बायका गप्पा मारता मारता विणतात, खाली बघतही नाहीत. झाप छपरावर टाकताना खालून वर, एकावर एक चढवून, कौलांसारखे. नाटकाला त्यांचा उपयोग एक रात्र. नंतर तेच झाप उतरवून ठेवतात आणि मिरगाच्या आधी मातीच्या भिंतींना बाहेरून बांधतात, पावसाची झड भिंतीला लागू नये म्हणून. मग ते कुजतात आणि माडाच्याच आळ्यात जातात. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाने दापोली, मंडणगडकडच्या माड-पोफळीच्या बागा झोपवल्या, तेव्हा बागायतदारांचं नुकसान सगळ्यांना दिसलं. त्यांच्याबरोबर गावाच्या मांडवाचं छप्परही पडलं, हे फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता बहुतेक ठिकाणी मंडप डेकोरेटरला सांगतात. टेम्पोतून लोखंडी पाइप, क्लॅम्प, कापड, फोल्डिंगचा रंगमंच येतो, चार माणसं दोन-तीन तासांत सगळं उभं करतात. यात वाईट काय? फारसं काही नाही. तात्यांच्या वयाची माणसं किती वर्षं पहार चालवणार? तरुण मुंबईत. ज्या गावात माणसंच उरली नाहीत तिथे पाइपांमुळेच नाटक टिकलंय. माझी तक्रार आहे ती कापडाची आणि दिव्यांची. झापाखाली गारवा असतो. रंगीत पॉलिस्टरखाली मेचा उकाडा साठतो. आणि ते कापड पेटलं तर वितळून अंगावर पडतं. 23 डिसेंबर 1995 ला हरियाणात डबवालीला शाळेच्या समारंभात असाच कापडी मंडप पेटला, बाहेर पडायला वाट अपुरी होती आणि चारशेहून जास्त माणसं, त्यात बहुसंख्य मुलं, गेली. झापही पेटतो, त्याबद्दल भ्रम नको. पण झापाच्या मांडवाला भिंती नसतात, त्यामुळे चारी बाजूंनी पळता येतं. डेकोरेटरचा मंडप तिन्ही बाजूंनी बंद करायची फॅशन आली आहे. ती गावाने नाकारावी. आणि त्याच कापडाच्या मागे उघड्या तारांचा जोड देऊन वर टेप न लावण्याची जी आपली राष्ट्रीय सवय आहे, तीही.

दिव्यांची कथा मोठी आहे. आधी मशाली आणि टेंभे, मग गॅसबत्त्या. गॅसबत्तीचा उजेड कमी झाला की विंगेतून माणूस यायचा, बत्ती उतरवून पंप मारायचा आणि राजा तोवर थांबायचा. वीज आली तेव्हा हौशी प्रकाशयोजनाकारांनी मिठाच्या पाण्याचा डिमर केला: चिनी मातीच्या नळकांड्यात मीठ घातलेलं पाणी, त्यात दोन धातूच्या पट्ट्या, एक वर-खाली सरकवायची, जवळ आणली की दिवा प्रखर, लांब नेली की मंद. हात लावला तर माणूस जायचा, पण संध्याकाळ हळूहळू उतरताना दाखवता यायची. आज एलईडीच्या पट्ट्या आहेत, स्वस्त, सुरक्षित आणि सगळ्या प्रसंगांत सारख्याच पांढऱ्या. रावण आणि राम दोघंही दातांच्या दवाखान्यात उभे असल्यासारखे दिसतात. एवढं सोडवायला फार पैसा लागत नाही, रंगीत जिलेटिनचे कागद लागतात.

आडिवऱ्याहून जैतापूरकडे गेलं की माडबन येतं. बाहेरच्यांना हे नाव अणुऊर्जा प्रकल्पामुळे माहीत आहे. नाटकवाल्यांना गंगाराम गवाणकरांमुळे. त्यांचं ‘वस्त्रहरण’ 1980 मध्ये रंगमंचावर आलं आणि मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले. नाटकाचा विषय काय, तर कोकणातलं एक गाव महाभारतावरचं नाटक करायला जातं आणि जे व्हायचं ते होतं. पडदा अडकतो, पात्र येत नाही, येतं ते भलतंच बोलतं. म्हणजे मांडवातलं नाटक उचलून वातानुकूलित नाट्यगृहात नेलं आणि महाराष्ट्र पोट धरून हसला. ते करणारा माणूस या भागातलाच असणार होता. गडग्यावर बसून नाटक पाहिल्याशिवाय ते लिहिता येत नाही.

तात्पुरतं थिएटर उभारण्याचे असे प्रयत्न इतरत्रही झाले, आणि प्रत्येकाने आपापल्या जमिनीला विचारून केले. आपल्याच झाडीपट्टीत, गडचिरोली-चंद्रपूर-गोंदिया-भंडाऱ्याकडे, भाताची कापणी झाली की शेतातच नाटक. जमीन उतरती खणायची, निघालेल्या मातीचा उंच रंगमंच करायचा आणि खड्ड्यात प्रेक्षक; मागच्याला पुढच्याचं डोकं आड येत नाही, थंडीही कमी लागते. वडसा-देसाईगंज हे तिथल्या मंडळ्यांचं केंद्र. तिथल्या परशुराम खुणेंना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. आसामात 1963 साली अच्युत लहकरांनी ‘नटराज’ नावाचं फिरतं थिएटर काढलं, ट्रकांतून तंबू, खुर्च्या, रंगमंच सगळं घेऊन फिरणारं. त्या ‘भ्राम्यमाण’ थिएटरात दोन रंगमंच शेजारी शेजारी असतात. एकावर प्रवेश चालू असताना दुसऱ्यावर नेपथ्य लागतं. व्हेनिसमध्ये आल्डो रॉस्सी या वास्तुरचनाकाराने 1979 मध्ये लोखंडी सांगाड्यावर लाकूड चढवून तराफ्यावर तरंगतं थिएटर केलं. समुद्रमार्गे ते डुब्रोवनिकला गेलं आणि मग मोडण्यात आलं. वास्तुकलेच्या पुस्तकांत त्यावर प्रकरणं आहेत. तात्यांच्या मेढीवर नाहीत, पण ती पुस्तकं लिहिणारे शिमग्यात संगमेश्वरला आलेले नाहीत, त्यांचाही दोष नाही.

या प्रवासात माझं एक मत पक्कं झालं. प्रत्येक तालुक्याला नाट्यगृह हवं ही मागणी गोड आहे, पण अपुरी आहे. इमारत झाली की वीजबिल येतं, रखवालदार येतो, गळती येते, मग कुलूप येतं. वाडीतल्या माणसाला त्या इमारतीपर्यंत नेण्यापेक्षा वाडीच्या मांडवाला चार गोष्टी द्याव्यात: घडीचा मजबूत रंगमंच, न पेटणारं कापड, बरा आवाज आणि रंगीत उजेड, आणि तारा जोडणारा एक शिकलेला माणूस. तालुक्याच्या एखाद्या सार्वजनिक वाचनालयाने किंवा पंचायत समितीने असा एक संच ठेवला आणि नाममात्र भाड्याने गावांना फिरवला, तर एका नाट्यगृहाच्या खर्चात कितीतरी वाड्या भागतील. मेढी, चिरे, झाप आणि प्रेक्षक गावाकडे आहेतच.

ज्यांना हे बघायला जायचं आहे त्यांच्यासाठी. शिमगा गाठायचा तर होळीच्या आधी-नंतरचा आठवडा धरा आणि संगमेश्वर, लांजा, राजापूर या बाजूला राहा. गावागावांचे दिवस वेगळे असतात, कुठे तेरसेचा शिमगा, कुठे पौर्णिमेचा, तेव्हा नाक्यावरच्या चहावाल्याला विचारा. उत्सवी नाटकं माघापासून चैत्रापर्यंत. मे महिन्यात चाकरमानी गावी आले की सत्यनारायणाच्या पूजेला जोडून नमनं होतात. रेल्वेने संगमेश्वर रोड किंवा रत्नागिरीला उतरा, पुढे यष्टी; पण रात्री परतायची गाडी मिळणार नाही, मुक्कामाची सोय आधी करा. चटई आणि शाल बरोबर घ्या, पुढच्या रांगेतली मोकळी खुर्ची मानकऱ्याची असते हे लक्षात ठेवा, देवासमोरच्या वाटेत बसू नका, आणि मावशी आवडली तर चिठ्ठीवर नाव-गाव लिहून शंभर रुपये वर पाठवा. मृग लागायच्या आत मांडव उतरतात. त्यानंतर गेलात तर शेतात चिखल आणि भाताची रोपं दिसतील, नाटक गणपतीपर्यंत नाही.